‘अ समरी’ झाली म्हणजे बाबांची केस संपली का?

ताईंचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. २०१६ च्या जूनमध्ये, पहिला मोठा पाऊस पडून दोन दिवस झाले असताना, त्यांचे वडील कलमांच्या बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपटात, मरून पडलेले सापडले. डोक्यात मागून वार. अज्ञात आरोपीविरुद्ध ३०२, म्हणजे खुनाचा गुन्हा, दाखल झाला. वीसेक जणांना बोलावून झालं, श्वानपथक येऊन गेलं, मुंबईहून धावत आलेल्या मुलांचेही जबाब झाले. मग गणपती आले, साहेब बदलले आणि हळूहळू फोनही थांबले. मागच्या मे महिन्यात गावी गेल्यावर ताई ठाण्यात गेल्या, तेव्हा अंमलदाराने रजिस्टर उघडून सांगितलं, “यात २०१९ लाच अ समरी झालीय.” घरात कुणाला त्याची नोटीस नाही, साधं पत्र नाही. ताई डोंबिवलीला असतात, आई गावीच, वय बहात्तर. त्यांचं विचारणं असं, की हे प्रकरण संपलं का, आता काही करता येईल का, आणि आई बाबांचं एचएमटीचं घड्याळ मागतेय, ते तरी परत मिळेल का.

ताई, मी पोलीस खात्यात तेहतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात, काही वर्षं स्थानिक गुन्हे शाखेत. जे सांगतोय ते त्या बाजूने बसून पाहिलेलं आहे. घड्याळाचं शेवटी बोलू, ते वाटतं तितकं साधं नाही.

आधी समरी. तपास करूनही आरोपपत्र ठेवण्याजोगं काही हाती लागलं नाही की पोलीस कोर्टाला अंतिम अहवाल देतात, त्याला आपल्याकडे समरी म्हणतात. ‘ब’ म्हणजे फिर्यादच खोटी. ‘क’ म्हणजे गैरसमजातून दिलेली किंवा मुळात दिवाणी स्वरूपाची. ‘अ’ म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही किंवा पुरेसा पुरावा नाही. थोडक्यात, तुमच्या बाबांचा खून झाला हे सरकारच्या कागदावर आजही लिहिलेलं आहे, आणि असा गुन्हा कायम तपासावर राहतो. खुनाला मुदत नसते. कोर्टाने दखल घेण्याची मुदत आहे ती तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांना. उद्या आरोपी सापडला तरी कलम जुन्या भारतीय दंड विधानाचं, म्हणजे भादंविचं, ३०२ च लागेल, कारण नवे फौजदारी कायदे १ जुलै २०२४ ला लागू झाले आणि हा गुन्हा त्याआधीचा आहे. पुढील तपासाची तरतूद जुन्या कायद्यात, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, १७३(८) होती, नव्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, १९३(९) आहे. समरी मंजूर झालेली असली तरी तो आदेश रद्द करून न घेताही पुढील तपास करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा ठाण्यात कुणी “आता काही होत नाही, कोर्टाने बंद केलंय” म्हणालं तर ते अर्धवट ज्ञान समजा. वाद घालत बसू नका.

नोटीस का आली नाही? एफआयआर काढून फिर्यादीचं नाव बघा. माझा अंदाज आहे की तिथे तुमच्यापैकी कुणाचं नाव नसणार. मांगरात प्रेत पाहिलं त्याने पोलीस पाटलाला सांगितलं, पाटलाने ठाण्यात फोन केला, आणि त्या दोघांपैकी एक किंवा पोलीसच सरकारतर्फे फिर्यादी झाले. तुम्ही तेव्हा रातराणीच्या एसटीत होता. समरी मंजूर करण्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयात भगवंत सिंग प्रकरणात १९८५ मध्ये ठरलेलं आहे. पण त्याच निकालात असंही आहे की मृताच्या नातेवाइकाला नोटीस मिळण्याचा हक्क नाही. त्याला कळलं आणि तो कोर्टात उभा राहिला, तर मात्र त्याला ऐकावं लागतं. कोकणात हा घोळ मी वारंवार पाहिला. नोटीस जाते बागेच्या राखण्याच्या नावावर, तो कधीच नेपाळला परतलेला असतो, शिपाई ‘सदर इसम मिळून येत नाही’ असा शेरा मारतो आणि घरच्यांना पत्ताच नसतो. सगळं कायद्यात बसतं, आणि तरी तुम्ही अंधारात.

आता थोडं आमच्या बाजूचं. “पोलिसांनी काहीच केलं नाही” असं तुम्ही लिहिलंय. असेलही. पण जूनच्या पहिल्या आठवड्यातला बागेतला खून हा तपासाला सगळ्यांत वाईट. आंब्याचा हंगाम उतरलेला, हिशोब होऊन गडी पांगलेले, कोण कुठल्या ठेकेदाराचा होता याची वही कुणाकडे नाही. मांगराची जमीन शेणाने सारवलेली, त्यावर पाणी शिरलं की पावलाचा ठसा उरत नाही. बाहेर जांभ्यावरून पाणी नुसतं वाहत सुटतं, त्यात रक्त काय टिकणार. मोबाइलचं म्हणाल, तर खाडीच्या दोन्ही काठांना मिळून एकच टॉवर. त्याच्या नोंदीवरून माणूस बागेत होता की समोरच्या गावात बायकोच्या माहेरी, हे सांगता येत नाही. श्वानाबद्दल तर विचारूच नका. ‘श्वान रस्त्यापर्यंत जाऊन घुटमळले’ हे वाक्य मी स्वतः किमान दहा कागदांवर लिहिलंय. तिथे गाडी उभी होती की पावसाने वास धुऊन गेला, ते श्वानालाच ठाऊक.

आणि मग वाडी. पंधरा घरं, त्यातली अकरा एका आडनावाची. “आमका काय म्हायत नाय, सायबानू.” हे वाक्य ऐकून नवे अधिकारी चिडतात, दमदाटी करतात. मी उशिरा शिकलो की त्या माणसाला ठाऊक असतं, पण जीप गेल्यावर त्याला तिथेच राहायचं असतं. ज्याचं नाव घ्यायचं, शिमग्याला पालखी त्याच्याच खांद्याला खांदा लावून न्यायची आहे, मयताला त्याच्याच हातची लाकडं लागणार आहेत. हा माणूस पहिल्या महिन्यात बोलत नाही.

पण आठव्या-दहाव्या वर्षी बोलतो. ताई, जुन्या खुनाबद्दल मला खरं काही सांगायचं असेल तर ते हेच. काळ वस्तूंचा पुरावा खातो आणि माणसांची तोंडं सैल करतो. तेव्हाची दोस्ती तुटते. नवऱ्याला पाठीशी घालणारी बायको माहेरी निघून जाते. ज्याची भीती होती तो म्हातारा होतो, अर्धांगाने पडतो. भाऊ-भाऊ सातबाऱ्यावरून कोर्टात जातात. कधी धागा भलत्याच गुन्ह्यातून निघतो. पेण तालुक्यात गागोद्याजवळ २०१२ च्या मे महिन्यात जळालेला मृतदेह सापडला होता, त्याचं पुढे काहीच झालं नाही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांनी एका ड्रायव्हरला बेकायदा शस्त्राच्या गुन्ह्यात धरलं, त्याच्या चौकशीतून शीना बोरा या तरुणीच्या खुनाचं प्रकरण बाहेर आलं आणि पोलिसांना त्या जागी जाऊन पुन्हा माती उकरावी लागली. खटल्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. तीन वर्षं मुक्या राहिलेल्या जागेला तोंड कुठून फुटलं, एवढंच दाखवतोय.

माझ्या हातातली एक केस सांगतो, गाव सांगत नाही. नऊ वर्षं जुना खून, अ समरी झालेला. दोन चुलतभाऊ वाटणीवरून भांडले आणि एकाने दारूच्या भरात दुसऱ्याचं नाव घेतलं. ते आमच्या बीट अंमलदाराच्या कानावर आलं. मी फाइल मागवली. जबाबांत त्या माणसाच्या सदऱ्याचा उल्लेख होता. पडवीतल्या वळणीवरून जप्त केलेला, उजव्या बाहीवर डाग. त्या वेळी तो काजूचा चीक म्हणाला होता. डाग रासायनिक विश्लेषकाकडे गेला, अहवाल आला ‘मानवी रक्त, गट निष्पन्न होत नाही’. तेव्हा तेवढ्यावर विषय सुटला होता. आता त्याच डागावरून डीएनए करता आला असता. मी मुद्देमाल, म्हणजे गुन्ह्यात जप्त केलेल्या वस्तू, सांभाळणाऱ्या कारकुनाला घेऊन त्या खोलीत गेलो. पावसाळ्यात त्या खोलीला जो वास येतो तो नाकातून जात नाही, ओली गोणपाटं, गंजलेलं लोखंड आणि वाळवीची माती. पार्सल नंबरने शोधलं. कोयती मिळाली, तपकिरी कागद चिकटून तिला पापुद्रे सुटलेले. सदरा नव्हता. रजिस्टर पाहिलं तर चार वर्षांपूर्वी जुना मुद्देमाल निर्गत करण्याची मोहीम झाली होती, त्यात समरीच्या गुन्ह्यांतले कपडे यादी करून, परवानगी घेऊन, पंचांसमक्ष जाळले होते. सगळं रीतसर. ज्याने जाळलं त्याला तो कुणाचा सदरा हे माहीत असायचं कारणही नव्हतं. आम्ही माणूस पकडला, भावाचा जबाब दंडाधिकाऱ्यापुढे घेतला, आरोपपत्र ठेवलं. सत्र न्यायालयात तो भाऊ फितूर झाला, कारण मधल्या काळात वाटणी मिटली होती. आरोपी सुटला. मयताची आई कोर्टाच्या पायरीवर बसून राहिली होती. तिने मला एवढंच विचारलं, “तो शर्ट आसतो तर?” मी काही बोललो नाही.

म्हणून तुमचा पहिला अर्ज मुद्देमालासाठी. बाकी सगळं पुढच्या महिन्यात झालं तरी चालेल. समरी ज्या दंडाधिकारी न्यायालयात मंजूर झाली तिथे वकिलामार्फत अर्ज द्या की या गुन्ह्यातला कोणताही मुद्देमाल नष्ट करू नये, आणि आज काय शिल्लक आहे त्याचा अहवाल पोलिसांकडून मागवावा. त्याची एक प्रत पोलीस अधीक्षकांना. प्रत्येक प्रतीवर बारनिशीचा, म्हणजे आवक टेबलाचा, शिक्का आणि तारीख घ्या, तोंडी “ठेवून जा, बघतो” यावर परत येऊ नका. अहवाल आला की तीन गोष्टी बघायच्या. बाबांच्या नखांचे तुकडे शवविच्छेदनात घेतले होते का आणि ते आज कुठे आहेत. कपडे कागदात बांधले होते की प्लास्टिकमध्ये, कारण ओलसर कपडा प्लास्टिकमध्ये घातला की बुरशी डाग खाऊन टाकते. आणि मांगरातून चान्स प्रिंट, म्हणजे बोटांचे ठसे, उचलले होते का. ठसे असतील तर ते नॅफिसवर पुन्हा फिरवून बघा असा आग्रह धरा. ही देशपातळीवरची ठशांची यंत्रणा २०२२ मध्ये सुरू झाली. २०१६ मध्ये ज्याचा ठसा कुठेच नव्हता, त्याला नंतर दुसऱ्या जिल्ह्यात चोरीत अटक झाली असेल, तर आज तो जुळू शकतो.

त्याच कोर्टातून समरीच्या अख्ख्या कागदांच्या प्रमाणित नकला काढा. एफआयआर, घटनास्थळ आणि इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, सीए म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा रिपोर्ट, सगळे जबाब. केस डायरी मिळणार नाही, ती मागून वेळ घालवू नका. माहिती अधिकारात गेलात तर ‘तपासाला बाधा’ म्हणून ८(१)(ज) दाखवतील. कोर्टाचा रस्ता सरळ आहे.

नकला मिळाल्या की घरात बसून वाचा, शक्यतो आईंबरोबर, दोन दिवस लावून. कुणाचा जबाब आहे हे सगळेच बघतात, तुम्ही कुणाचा नाही ते बघा. बाबांनी त्या वर्षी आंबा कुणाला दिला, आगाऊ पैसे कुणाकडून घेतले, कुणाचे द्यायचे होते, बांधावरून कुणाशी बोलणं बंद होतं, कुळाचं काही होतं का. यातलं बरंच घरच्यांनी तेव्हा पोलिसांना सांगितलेलं नसतं. “घरातलं चव्हाट्यावर कशाला” म्हणून. वाईट वाटून घेऊ नका, पण दर दुसऱ्या जुन्या फाइलमध्ये मला घरच्यांनीच गिळलेली एखादी गोष्ट सापडली. कधी बापाची उधारी, कधी एखादं नातं. तुमच्या घरात असं काही असेल तर आता ते बाहेर काढायची वेळ आहे.

आणि एक, कौल. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी कोकणातलाच आहे. देवाला गाऱ्हाणं घातलं असेल, कौल लावला असेल, कुणी नाव सुचवलं असेल. श्रद्धेवर मी बोलत नाही. पण ते नाव अर्जात लिहू नका. एकदा लिहिलं की पुढे तोच माणूस खरा आरोपी निघाला तरी त्याचा वकील उभा राहून म्हणेल, यांच्या संशयाचा उगम देवळात आहे. आणि तो माणूस खरा नसेल तर तुम्ही एका घराला आयुष्यभर जाळलंत. संशय लिहायचाच तर तो पाहिलेल्या-ऐकलेल्या गोष्टीवर लिहा. कुणी, केव्हा, कुठे, काय पाहिलं.

एवढं हाती आल्यावर पोलीस अधीक्षकांकडे पुढील तपासाचा अर्ज. लांबलचक करुण पत्र नको. दोन पानं, त्यात नवीन काय आहे ते पहिल्या परिच्छेदात. हा साक्षीदार तपासला नव्हता, या वस्तूचा डीएनए झाला नव्हता, एवढं ठोस. अधीक्षकांना भेटायला सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी बैठकाच संपत नाहीत. तपास स्थानिक गुन्हे शाखेकडे द्यावा अशी मागणी करा, कारण ठाण्याच्या अधिकाऱ्याला बंदोबस्तातून जुन्या फाइलला वेळ मिळत नाही, हे मी शपथेवर सांगेन. कुणी बोलायला तयार झालं तर त्याचा जबाब नुसता पोलिसांपुढे ठेवू नका. त्यावर सही नसते आणि उलटायला तो मोकळा असतो. दंडाधिकाऱ्यापुढे नोंदवा, जुन्या कायद्याचं १६४, नव्याचं १८३. त्यानेही माणूस फितूर व्हायचा थांबत नाही, माझ्या केसमध्ये थांबला नाहीच, पण त्याला विचार करावा लागतो. त्याला भीती असेल तर २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेत जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करता येतो.

अधीक्षकांकडून काहीच हललं नाही तर दंडाधिकाऱ्याकडे, आणि तिथेही नाही तर उच्च न्यायालयात. रत्नागिरी असो की सिंधुदुर्ग, १८ ऑगस्ट २०२५ पासून त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही, कोल्हापूरच्या सर्किट बेंचला जाता येतं. घाटातून जायचं असलं तरी मुंबईच्या खर्चापेक्षा ते परवडतं. सीआयडी किंवा विशेष पथक मागता येतं. सीबीआय मागायचा मोह सगळ्यांना होतो. ते फार क्वचित मिळतं आणि मिळालं तरी झटपट काही होत नाही. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ चा. कुटुंबाचा पाठपुरावा, उच्च न्यायालयाची देखरेख, अख्ख्या महाराष्ट्राचं लक्ष, एवढं असून निकाल आला १० मे २०२४ ला. दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. तुमच्यामागे यातलं काहीच नाही, तेव्हा मनाची तयारी त्या हिशोबाने ठेवा. आणि कुणी नार्को, म्हणजे गुंगीचं औषध देऊन बोलतं करायची चाचणी, करायला सांगेल. संशयिताच्या संमतीशिवाय नार्को होत नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सेल्वी निकालाने ते बंद झालं. संमती दिली तरी त्यातलं बोलणं पुरावा ठरत नाही.

पैशाचं कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. आरोपी सापडलाच नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी मृतावर अवलंबून असलेल्यांना नुकसानभरपाई मागता येते. जुनं ३५७अ(४), नवं ३९६(४). अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, आईंच्या नावाने. दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करावी असं कायद्यात आहे. इतकी वर्षं झाली म्हणून उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत जोडा, आणि समरीची तारीख तुम्हाला कधी कळली ते त्यात स्पष्ट लिहा. फी लागत नाही. आई “त्यांच्या जिवाचे पैसे नकोत” म्हणतील, बहुतेक म्हणतातच. मी भरीस घालणार नाही, पण त्या अर्जाच्या निमित्ताने पोलिसांना फाइल उघडून अहवाल द्यावा लागतो, हेही त्यांना सांगा.

आता घड्याळ. ते बाबांच्या मनगटावर होतं की मांगरातल्या खुंटीवर, हे इन्क्वेस्ट पंचनाम्यात लिहिलेलं असेल. खुंटीवर किंवा फळीवर होतं आणि त्याचा गुन्ह्याशी संबंध नाही असं दिसलं, तर कोर्टात अर्ज करा, फोटो आणि बंधपत्र घेऊन ते आईंच्या ताब्यात मिळेल. पण मनगटावर असेल, त्यातही पट्टा तुटलेला किंवा काच फुटलेली असेल, तर अजून मागू नका. झटापटीत दुसऱ्याचा हात त्या पट्ट्याला लागलेला असू शकतो, आणि पट्टा धातूचा असेल तर त्याच्या कड्यांच्या सांध्यात वाळलेलं रक्त बरीच वर्षं राहतं. आईंच्या हातात आलं की त्या पहिल्यांदा ते पदराने पुसतील. आधी प्रयोगशाळेत पाठवून नमुने घेतले गेले, अहवाल आला, की मग मागा. तोवर पंचनाम्याचं ते पान त्यांना वाचून दाखवा. कंपनी, पट्टा, काटे किती वाजता थांबले होते, सगळं त्यात असतं. आमच्या वेळी आम्ही ते लिहायचोच.